बरगड्या

रात्री खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च टेबलावर आडवा ठेवला. उजेड जहाजाच्या अंगाला घासून पुढे गेला, आणि दिवसभर ज्या अंगावरून मी समाधानाने हात फिरवत होतो, त्यावर एकामागून एक सावल्या उभ्या राहिल्या. उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा. नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत आतल्या सगळ्या बरगड्या बाहेरून मोजता आल्या. २८ होत्या. त्या मीच पुठ्ठ्यातून कापल्या होत्या, गुण्या लावून एकेक काटकोनात उभी केली होती. त्या झाकायला म्हणून वर कागद चढवला, आणि आता तो कागदच त्या दाखवत होता.

कागदी जहाजं करणाऱ्या प्रत्येकाने ही रात्र पाहिलेली असते. तोफा, डोलकाठ्या, शिड्या, नांगराच्या साखळ्या कितीही बारीक असोत, चिकाटी असली की होतात. जहाजाचं अंग, म्हणजे ज्याला सगळे हल म्हणतात, ते नुसत्या चिकाटीला दाद देत नाही. कागदाला काय जमतं आणि काय मुळीच जमत नाही, हे आधी कळावं लागतं. मला ते कळायला तीन हल लागले, आणि तिसरा अजून टेबलावर आहे.

जहाज शार्नहोर्स्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदलाची ही युद्धनौका २३५ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद होती. पोलंडमधले प्रकाशक कागदी जहाजं बहुतेक १:२०० च्या मापात काढतात, जर्मन प्रकाशक १:२५० च्या. माझे तक्ते, म्हणजे कापून जोडायचे भाग ज्यावर छापलेले असतात ते कागद, १:२०० चे आहेत, म्हणजे पुरं झालेलं मॉडेल ११७.५ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद. काही मॉडेलं पाणरेषेपर्यंतचीच असतात. खालचं पोट नसतंच, त्यामुळे टेबलावर सपाट बसतात आणि निम्मी डोकेदुखी वाचते. मला पूर्ण पोटाचं जहाज हवं होतं. जहाज ज्याच्या जोरावर तरंगतं तेच गाळायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं आणि अजूनही पटत नाही.

त्या रात्री मी मनाची समजूत घातली ती अशी, की खऱ्या जहाजांच्याही बरगड्या दिसतात. ते खोटं नाही. पातळ पत्रे आतल्या फ्रेम्सना वेल्डिंगने जोडताना आकसतात, आणि पुढे वर्षानुवर्षं लाटांचे तडाखे खाऊन आणखी आत दबतात. एखादी जुनी विनाशिका तिरप्या उन्हात कडेने पाहिली, की तिच्या कुशीवर तीच उंचवट्या-खळग्यांची रांग दिसते. इंग्रजी बोलणारे जहाजबांधणीतले लोक त्या रूपाला ‘भुकेला घोडा’ म्हणतात. आपणही हडकुळ्या जनावराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात असंच म्हणतो. दोन वेगळ्या मुलखांतल्या माणसांना पोलादाकडे आणि कागदाकडे पाहून एकच उपाशी जनावर आठवावं, याचं मला त्या रात्री फार बरं वाटलं.

सकाळी पेन्सिल हातात घेतल्यावर ती समजूत टिकली नाही. १:२०० च्या मापात मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे २० सेंटिमीटर. माझे खळगे ठिकठिकाणी दीड मिलिमीटर खोल होते. म्हणजे शार्नहोर्स्टच्या दोन्ही कुशींत वरपासून खालपर्यंत ३० सेंटिमीटर खोल चर, ते एकामागून एक २७. असं जहाज कुठल्याही गोदीने पाण्यात सोडलं नसतं. मी त्याला शार्नहोर्स्ट म्हणत होतो आणि ते शार्नहोर्स्ट नव्हतं.

दोष हाताचा आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पण कागदाचा स्वभावच तसा आहे. वहीला कव्हर घालताना कागद पाठीवरून कसा निमूटपणे वळतो ते आठवा, आणि तोच कागद चेंडूवर बसवून बघा. वहीवर शहाण्यासारखा वागलेला कागद चेंडूवर चुण्या पाडून रुसून बसतो. तो एका दिशेने हवा तितका वाकेल, पण त्याच जागी दुसऱ्याही दिशेने वाक म्हटलं की त्याच्यापुढे चुरगळणं किंवा फाटणं एवढंच उरतं. कार्ल फ्रीडरिश गाऊस या गणितज्ञाने १८२७ मध्ये हे सिद्ध करून ठेवलं आहे. एखादा पृष्ठभाग न ताणता, न फाडता कसाही वाकवा, त्याच्या कुठल्याही बिंदूवरच्या दोन मुख्य वक्रतांचा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा तो गुणाकार शून्य. म्हणून वाकलेल्या कागदाचाही शून्यच, आणि गुणाकार शून्य राहायचा तर दोहोंपैकी एका दिशेने कागद सरळच राहणार. पृथ्वीचा गोल सपाट नकाशावर उतरवणाऱ्यांना हाच नियम आडवा येतो. ते गोलाचं सपाट करू पाहतात, आम्ही सपाटाचं गोल.

हे नीट समजल्यावर मी तक्ते पुन्हा पसरले आणि जहाजाकडे नव्याने पाहिलं. युद्धनौकेचा मधला भाग जवळजवळ पेटी असतो. तळ सपाट, बाजू उभ्या, आणि दोहोंच्या मध्ये एक लांबच लांब गोलसर वळण. तिथे कागदाला एकाच दिशेने वळायचं असतं, म्हणून मधले पत्रे, म्हणजे अंगावर चढवायचे छापील कागदाचे तुकडे, कसे छान बसतात, आणि जमलं असं वाटून माणूस हुरळतो. खरं भांडण टोकांना आहे. पिछाडीला तळ वर उचलला जातो आणि त्याच वेळी दोन्ही कुशी आत आवळत जातात. आणि नाळ तर खाली पाण्यात पात्यासारखी अरुंद, आणि वर डेककडे जाताना फुलाच्या पाकळीसारखी बाहेर फाकणारी. उभी बघितली तर एका बाजूला वळलेली, आडवी बघितली तर दुसऱ्या. कागदाला जे जमत नाही नेमकं तेच.

हे फाकणं शार्नहोर्स्टला सुरुवातीला इतकं नव्हतं. जानेवारी १९३९ मध्ये हे जहाज नौदलात दाखल झालं तेव्हा त्याची नाळ बरीचशी सरळ उभी होती. समुद्रावर चाचण्या सुरू झाल्या आणि लाटा नाळेवरून थेट पुढच्या डेकवर चढायला लागल्या. त्याच वर्षाच्या मध्यावर जहाज परत गोदीत घेऊन नवी नाळ बसवली, पुढे झुकलेली, वर फाकलेली. या घडणीचं नावच पुढे अटलांटिक नाळ पडलं. जहाज त्यानंतरही पुढून ओलंच राहायचं, पण पहिल्यापेक्षा बरं. मला छळणारा हा आकार समुद्राने माणसाकडून करून घेतलेला आहे, हे वाचल्यापासून त्या जागेवर मी कधी चिडलो नाही.

पोलादाचा पत्राही कारखान्यातून सपाटच येतो, म्हणजे गोदीलाही हीच अडचण. दोन्हीकडे वळणारे पत्रे तिथे भट्टीत तापवून ठोकत. दुसरी रीत मला जास्त आवडते. पत्र्यावर ज्योतीने रेघा ओढल्यासारखं तापवत जायचं आणि मागोमाग पाणी मारायचं. तापलेली रेघ निवताना आकसते आणि जड पोलाद हळूहळू वळण घेतं. पोलाद ऐकतं, कारण त्याला जागच्या जागी आकसवता येतं. कागदालाही थोडंसं आकसवता-पसरवता येतं, पण आगीने नाही, पाण्याने. आणि पाण्यानेच माझा पहिला हल बिघडवला होता.

बरगड्या दिसायला दोन कारणं असतात. पहिलं साधं भूमितीचं. दोन बरगड्यांच्या मध्ये कागदाला खाली आधार नसतो, तेव्हा तो जवळची वाट धरतो, म्हणजे सरळ जातो. जहाजाची कड मात्र कमानीसारखी बाहेर फुगलेली असते. सरळ वाट कमानीच्या आतून जाते, आणि जितकी आतून जाते तितका खळगा. माझ्या बरगड्यांत ४ सेंटिमीटर अंतर होतं. एखाद्या ठिकाणी कडेची कमान ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाची असेल, तर अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे १६ भागिले ४८०. खळगा सुमारे ०.३३ मिलिमीटरचा. तिरप्या उजेडात सहज दिसणारा. आता मध्ये आणखी एकेक बरगडी घालून अंतर २ सेंटिमीटर करा. अंतर निम्मं झालं पण खळगा पाव होतो, ०.०८ मिलिमीटर, छपाईच्या साध्या ८० ग्रॅमच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. हा हिशोब मी एका तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला. तो तुकडा अजून टेबलाच्या खणात आहे, आणि कुठल्याही नव्या जहाजाची बरगडी कापायच्या आधी मी तो काढून बघतो.

पण ०.३३ आणि दीड मिलिमीटर यांत बरंच अंतर आहे. बाकीचं पाप पाण्याचं. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते लागलं की कागदाचे तंतू फुगतात, आणि लांबीला फुगतात त्याहून कितीतरी जास्त रुंदीला. कारखान्यात कागद धावत्या जाळीवर तयार होताना बहुतेक तंतू धावेच्या दिशेने निजतात, म्हणून प्रत्येक कागदाला एक कल येतो, त्याला ग्रेन म्हणतात. ओला कागद या कलाच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने जास्त आकसतो. मी काय केलं होतं? प्रत्येक बरगडीच्या कडेला सढळ हाताने गोंद लावला होता, पत्रा ओला होऊन सैल पडला तसा तो ताणून घट्ट बसवला होता, आणि तो ताण पाहून मला वाटलं होतं की आता कसा गच्च बसला. वाळताना पत्रा आकसला, बरगड्यांच्या कडांना धरून मध्ये आत ओढला गेला. ढोलावर ओलं चामडं ताणून बसवतात ते वाळून सपाट, टणक व्हावं म्हणूनच. मी २७ छोटे ढोल मढवले होते.

कागदाचा कल ओळखणं सोपं आहे. कडेची पट्टी फाडून बघावी. कलाच्या दिशेने सरळ फाटते, आडवी फाडली की वेडीवाकडी जाते. ज्या रेषेभोवती पत्रा वळवायचा त्या रेषेला कल समांतर असला, तर कागद नुसत्या अंगठ्याने वळतो. आडवा असला तर बाहेरच्या बाजूला बारीक मोडी दिसायला लागतात. छापील पत्र्यांच्या बाबतीत आपल्याला निवड नसते, पण त्यांच्या खाली जे घालायचं ते सगळं आपल्या हातात असतं. पहिल्या हलपासून मी शिकलो ते एवढंच, की जहाजाचं अंग बिघडतं किंवा सुधारतं ते वरचा कागद हातात घेण्याच्या बरंच आधी.

गुळगुळीत हा शब्द मी वापरतोय, पण तो थोडा अपुरा पडतो. काच गुळगुळीत असते, फरशी गुळगुळीत असते. जहाजाच्या अंगाला त्याहून एक गोष्ट जास्त लागते. नाळेवरून निघालेली नजर कुठेही न अडखळता पिछाडीला पोचली पाहिजे. जुन्या गोद्यांत यासाठी लाकडी जमिनीचा एक भला मोठा माळा असायचा आणि त्या जमिनीवर जहाजाच्या रेघा पूर्ण मापात काढायचे. लांब, लवचीक लाकडी पट्टी ठरलेल्या बिंदूंवरून वळवायची, शिशाच्या वजनांनी दाबून धरायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. मग एकेक वजन उचलून बघायचं. वजन उचलल्यावर पट्टी जागची हलली नाही, तर तो बिंदू खरा. पट्टी उसळली, तर त्या बिंदूने तिला जबरदस्तीने वाकवून धरलं होतं, म्हणजे आकड्यात खोट. लाकडाच्या पट्टीला स्वतःचं एक मत असतं आणि त्या माळ्यावर ते विचारात घेतलं जायचं. या पट्टीला इंग्रजीत स्प्लाइन म्हणत. १९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने वक्ररेषांच्या एका प्रकाराला तेच नाव दिलं, आणि आज संगणक वळणदार आकार काढतात तेव्हा हे गणित वापरलं जातं. पट्टी आणि शिसं गेलं, नाव राहिलं.

मी माझ्यापुरती ती पट्टी परत आणली. २ मिलिमीटर जाडीची लाकडी काडी, दीड हात लांब. सांगाडा पुरता उभा राहिला की कागदाला हात लावायच्या आधी ही काडी बरगड्यांवरून लांबीच्या दिशेने टेकवत जातो, पाणरेषेजवळ, वळणावर, तळाजवळ, दोन्ही कुशींना. काडी ज्या बरगडीला टेकतच नाही, ती बुटकी. तिच्या कडेवर कागदाची बारीक पट्टी चिकटवायची, गरज पडली तर दोन. काडी एकाच बरगडीवर चढून दोन्हीकडे अधांतरी राहिली, तर ती बरगडी उंच. तिला घासायचं. टोकांकडच्या बरगड्यांची गंमत आणखी वेगळी आहे. पुठ्ठा १ मिलिमीटर जाड, आणि कापलेली कड चौकोनी. पण नाळेजवळ जहाजाचं अंग बरगडीला तिरपं छेदत जातं. कड चौकोनी ठेवली तर कागद तिच्या एकाच कोपऱ्यावर टेकतो आणि तिथे बाहेरून धार दिसते. म्हणून ती कड अंगाच्या तिरकसपणाप्रमाणे घासून उतरती करावी लागते. लाकडी जहाजं बांधणारे सुतार त्यांच्या फ्रेम्सच्या बाबतीत हेच करत आले आहेत. पहिल्या हलात मी नाळेजवळच्या पाचही बरगड्या तशाच चौकोनी ठेवल्या होत्या.

खऱ्या जहाजाला हा नितळपणा शोभेसाठी नको असतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्की इथे पाण्याचा लांब हौद बांधून त्यात जहाजांची मॉडेलं ओढून बघायला सुरुवात केली. फळ्यांवर कधी वार्निश, कधी कापड, कधी वाळू लावून त्याही पाण्यातून ओढल्या, आणि पृष्ठभाग खरबरीत झाला की पाण्याची ओढ किती वाढते ते मोजलं. त्याची मॉडेलं मेणाची होती. मेण तासता येतं, चुकलं तर वितळवून पुन्हा ओतता येतं, आणि गाऊसचा नियम त्याला अडवत नाही. नाळेपाशी अडलो की मला त्या मेणाचा हेवा वाटतो.

दुसऱ्या हलाच्या वेळी मी ठरवलं, कागदाला अधांतरी ठेवायचंच नाही. बरगड्यांमधली प्रत्येक पोकळी थर्मोकोलने भरली आणि पॉलिश पेपरने घासून बरगड्यांच्या कडेला आणली. दिसायला फार सुंदर दिसत होतं ते, पांढरं आणि राखाडी पट्ट्यापट्ट्यांचं, पाण्यातून नुकतंच वर आल्यासारखं. आता पाण्याचा गोंद टाळायचा म्हणून पहिला पत्रा उग्र वासाच्या गोंदाने चिकटवला. संध्याकाळी झकास होता. सकाळी बोट लावलं तर बोटाखाली पत्रा दबला, आणि आत काहीच लागलं नाही. त्या गोंदातला द्रव थर्मोकोल विरघळवतो. तेवढा भाग कापून उघडला तर बरगडीच्या कडेला चिकटून बसलेले आकसलेले, कडक झालेले थेंब होते आणि मध्ये पोकळी.

थर्मोकोल काढून टाकला आणि सांगाडा तसाच ठेवून दुसरी वाट धरली. छापील पत्र्याच्या आत आणखी एक कातडी घालायची. ०.३ मिलिमीटरचं जाड कार्ड, बरगड्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी बसवायचं, खळगे राहतील तिथे पातळ पुट्टी भरायची, घासायचं, पुन्हा भरायचं. यात काम पुष्कळ, पण प्रत्येक चूक दुरुस्त करता येते, आणि तो धीर मोठा असतो. तीन आठवड्यांत अंग असं झालं की टॉर्च आडवा धरला तरी सावली पडेना. मग छापील पत्रा घेतला, कोरडाच बसवून पाहिला, आणि तो पुरेना. डेकच्या कडेपासून तळाच्या कण्यापर्यंत दोन्ही बाजूंनी थोडा थोडा कमी. दोन पत्र्यांमध्ये कण्यावर जवळजवळ मिलिमीटरभर पांढरी फट.

मी कापायला चुकलो असेन म्हणून दुसरा पत्रा लावला. तीच फट. तिसऱ्याला तीच. मग बसलो आणि विचार केला. अंगावर सदरा चढवला की त्यावरच्या कोटाला जास्त कापड लागतं, इतकी सरळ गोष्ट. डेकच्या एका कडेपासून तळाखालून दुसऱ्या कडेपर्यंत जाताना कागद एकूण अर्धी फेरी वळतो, १८० अंश. आणि बाहेर फुगलेल्या कुठल्याही आकारावर, तो गोल असो, चपटा असो, पेटीसारखा असो, अर्धी फेरी वळणाऱ्या वाटेला आतून ०.३ मिलिमीटरचा थर दिला की वाट थराच्या जाडीच्या π (पाय) पट वाढते. ३.१४ गुणिले ०.३, म्हणजे ०.९४ मिलिमीटर. माझी फट. जहाजाच्या आकाराशी तिचा काही संबंधच नव्हता, फक्त थराच्या जाडीशी होता. बरगड्या कापतानाच सगळीकडून ०.३ मिलिमीटर आत कापायला हव्या होत्या. दुसरा हल मी फेकला नाही. कपाटावर आहे, छापील कातडीशिवाय, आणि अजूनही त्याच्या अंगावर सावली पडत नाही.

तिसऱ्या हलाच्या बरगड्या आत घेतलेल्या आहेत आणि २ सेंटिमीटरवर आहेत. मूळच्या दोन बरगड्यांमध्ये एक जास्तीची, दोन्हीकडच्या आकारांच्या मधला आकार काढून कापलेली. त्यांना पांढरा गोंद लावला, पण फक्त सांगाड्याच्या खाचांत. आतल्या कातडीच्या पट्ट्या मध्यापासून टोकांकडे लावत गेलो, आणि गोंद पातळ, बोटाने पुसून घेतलेला. पट्टी ताणायची नाही. ती बरगड्यांवर स्वतःच्या वजनाने पडू द्यायची, मग नुसतं दाबायचं. हात ताणायला शिवशिवतात, आणि त्यांना थांबवणं हे मला या कामात सगळ्यात कठीण गेलं.

नाळेला मात्र रुंद पट्टी चालत नाही. तिथे ५ मिलिमीटरच्या पट्ट्या, होडीच्या फळ्यांसारख्या, पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या. एवढ्याशा रुंदीत कागदाला दुसऱ्या दिशेने वळावंच लागत नाही. वळण पट्ट्यांच्या सांध्यांत वाटून जातं आणि सांधे पुट्टीखाली जातात. वरच्या छापील पत्र्याला हा पर्याय नाही, तो अखंड आहे. म्हणून त्या पत्र्याच्या तीन जादा प्रती काढून मी आधी सराव केला. पाठीमागून ओलसर फडक्याने दमट करायचा, ओला नाही, दमट. मग मऊ रबरावर उताणा ठेवून गोल टोकाच्या घोटणीने मधून कडांकडे गोल गोल घोटायचा. तंतू ढिले होतात आणि मध्ये जेमतेम जाणवेल एवढी वाटी धरते. नाळ बाहेर फाकते तिथे उलट, कडा घोटून लांबवायच्या. तसाच दमट पत्रा हलवर कोरड्या कातडीवर ठेवून, कापसाच्या पट्टीने हलकेच बांधून रात्रभर वाळू द्यायचा, गोंद न लावता. पहिली प्रत फाटली. दुसरीवर शाई फिकी पडली. तिसरी सकाळी पट्टी सोडल्यावर नाळेवर तशीच राहिली, कुठेही न चिकटवता, आणि मी ती उचलून हातात धरली तेव्हा सपाट तक्त्यातून कापलेला तो कागद हातातही फाकलेलाच राहिला. गाऊसचं गणित चुकलं नव्हतं. घोटणीने कागद ताणला गेला होता, आणि ताणला की नियमाची अट सुटते.

हल करताना जहाज कायम उलटं असतं, कणा वर, डेक टेबलाला. आठवडेच्या आठवडे तसंच बघून डोळ्याला तेच सुलट वाटायला लागतं. एका संध्याकाळी मी वाचलं, की शार्नहोर्स्ट २६ डिसेंबर १९४३ रोजी नॉर्वेच्या उत्तर टोकापलीकडे बुडालं, आणि २००० मध्ये त्याचे अवशेष सापडले तेव्हा ते सुमारे २९० मीटर खोल समुद्रतळावर उलटं पडलेलं होतं. त्यावर १,९६८ माणसं होती. ३६ वाचली. ते जहाज कोणत्या राजवटीसाठी लढत होतं हे मी विसरत नाही, आणि त्याच्या अंगाच्या देखणेपणाने ते पुसलंही जात नाही. पण त्या संध्याकाळी मी बरगड्यांमधल्या रिकाम्या कप्प्यांकडे पाहत बसलो. मॉडेलमध्ये त्यांचं काम कागदाला आधार देण्यापुरतं. खऱ्या जहाजात त्या कप्प्यांत माणसं झोपत होती, पत्रं लिहीत होती, बॉयलरसमोर उभी होती. कातडी चढवली की ही जागा कायमची बंद होते. मी दोन दिवस कातडी चढवली नाही.

आता आतली कातडी पूर्ण चढलेली आहे. भरून-घासून तीन फेऱ्या झाल्या. टॉर्च आडवा धरला की उजेड नाळेपासून पिछाडीपर्यंत एका दमात जातो. छापील पत्रे क्रमाने पाकिटात आहेत, कडा रंगवून, तळाचे आधी, कुशींचे नंतर. काल ते लावायला सुरुवात करणार होतो. पण त्याआधी लेकीला बोलावलं. तिचं वय अकरा, आणि तिच्या बोटांची टोकं अजून गोंदाने जाड झालेली नाहीत. डोळे मिटून नाळेपासून मागे बोट फिरव म्हटलं, दाबू नकोस, नुसतं फिरव.

ती हळूहळू गेली. मध्याच्या पुढे गेली, वळणावरून खाली उतरली, आणि मागच्या एका जागी बोट थांबलं. परत मागे आलं, पुन्हा तिथेच थांबलं.

“बाबा, इथे आहे.”

मी टॉर्च लावला. सावली नव्हती. काडी टेकवली, काडी बसत होती. माझं बोट फिरवलं, मला काही लागलं नाही.

“काय आहे गं?”

“दिसत नाहीये. पण आहे.”

मी तिथे पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला, पत्र्यांचं पाकीट पुन्हा खणात ठेवलं आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर काढला.